संध्याकाळचा पट्टा

आमच्या घरात दोन माग होते आणि मोटर एकही नव्हती. हे सांगितलं की माझी नातसून हसते. म्हणते, "आजी, मग माग काय फुंकर मारून चालवायचात?" तिला काय कप्पाळ सांगणार! बुऱ्हाणपुरात तेव्हा निम्मी गल्ली अशीच चालायची. मोटर एकाची, आणि तिच्यावर पोट चार घरांचं.

शेजारच्या काकांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याची लांबलचक शेड. आढ्याखालून एक लोखंडी दांडा जायचा. मोटर तो दांडा फिरवायची आणि दांड्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे एकेक माग फिरवायचे. काकांनी भिंतीला भोक पाडून त्या दांड्याचं टोक आमच्या पुढच्या खोलीत काढून दिलं होतं. दिवसा काकांचे माग चालत तेव्हा आमचे उभे राहत, कारण सगळ्यांना एकदम ओढायची त्या मोटरीत ताकद नव्हती. सहाला त्यांचे कामगार घरी निघाले की काकू पलीकडून हाक मारायच्या, "मास्तरीणबाई, घ्या बरं आता!" की आई हातातलं टाकून उठायची आणि दांड्यावर पट्टा चढवायची. दहा वाजेपर्यंत आमचे माग. दहानंतर गल्लीत माग चालवायचा नाही, म्हातारी माणसं झोपतात, हा जुना रिवाज. याला सगळे संध्याकाळचा पट्टा म्हणत. लेखी काही नव्हतं. त्या बदल्यात आई सकाळी काकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. झालं, एवढाच करार.

बाबा मराठी शाळेत मास्तर. मास्तराच्या घरात माग कशाला, असं कोणीही विचारेल. तर झालं असं की आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून सुटला आणि नव्या मध्य प्रदेशात गेला. वेगवेगळ्या राज्यांतले नोकर एका ताटात आले, आणि कोण कोणाच्या वर, कोणाचा पगार कुठल्या पायरीवर, हे ठरवायला भोपाळात एकीकरणाचं दफ्तर बसलं. ते बसलं ते बसलंच! बाबांचा कागद नागपुराहून निघाला होता आणि भोपाळला पोचला नव्हता. पगार कधी अर्धा यायचा, कधी यायचाच नाही. वरून हिंदीची परीक्षा द्या म्हणाले. मराठी वर्ग आटत चालले होते. बाबा रोज धुतलेली टोपी घालून शाळेत जायचे, आणि घर चालायचं ते आईच्या त्या दोन मागांवर. आई कोष्ट्याची लेक, मागावर वाढलेली. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, म्हणून दुसरा माग माझ्या गळ्यात पडला.

सूत आमचं नव्हतंच. सुताचा शेठ बीम द्यायचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ. तो मागावर चढवून विणायचं आणि ताका, म्हणजे ठरल्या लांबीचं कापड, पुरा झाला की शेठचा मुनीम येऊन घेऊन जायचा. ताका वेळेवर दिला नाही तर मुनीम बीम उतरवून दुसऱ्या घरी न्यायचा, अर्धा विणलेला असला तरी तसाच कापून. आणि एकदा ज्याच्या मागावरचा बीम कापला गेला त्याला शहरात दुसरा कोणी शेठ सूत देत नसे. कोष्ट्यांच्या गल्लीत याहून मोठी नाचक्की नव्हती. आणि नाचक्की मरो, पण खायचं काय?

त्या वर्षी उन्हाळ्यात बिजलीने शहराला रडवलं. खाजगी कंपनी जाऊन सरकारी मंडळ आलं होतं, पण तारा आणि यंत्रं तीच. संध्याकाळी घराघरांत दिवे लागायचे, दुकानं उजळायची, गिरणीची पाळी चालू असायची, आणि त्यात आमच्यासारखे शेकड्यांनी माग. सगळा भार एकदम आला की बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, पाण्याच्या टाकीचा पंप अडायचा आणि मग अख्खं शहर गपकन अंधारात. दवाखान्यात कंदील लावून टाके घालायची पाळी आली. एकदा तर शनवारा वेशीकडून लोक दगड घेऊन मंडळाच्या दफ्तरावर चालून गेले होते.

मग मंडळाने नवे इंजिनियर साहेब पाठवले. जबलपूरकडचे, तरुण, बोलायला मऊ. नवी यंत्रं यायला वर्षं लागणार हे त्यांनी तोंडावर सांगितलं आणि म्हणाले, आहे ती वीजच समजुतीने वापरू. दिवसा ती पडून असते, संध्याकाळी पुरत नाही. तर मागमालकांनी सहा ते दहा मोटरी बंद ठेवाव्यात. बदल्यात मंडळ त्यांना दिवसा अखंड वीज देईल, एक झटकासुद्धा नाही. गिरणीने आपली मधली सुट्टी संध्याकाळी घ्यावी, नगरपालिकेने पंप दुपारीच चालवून टाकी भरून ठेवावी. सरकार, गिरणी, मागमालक आणि नगरपालिका, सगळ्यांनी मिळून करायचं आणि जबरदस्ती कोणावर नाही. खरं सांगते, कल्पना चांगलीच होती. मी आजही तिला नावं ठेवत नाही.

पण साहेबांची हिंदी पुस्तकी. ते 'भार-प्रबंधन' वगैरे बोलायला लागले की आमच्या गल्लीतले म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. कोणीतरी बाबांचं नाव सुचवलं. मास्तर बोलतील, मास्तरांचं लोक ऐकतात. बाबांना काय, हर्ष मावेना! शाळेत ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला साहेब खुर्ची द्यायला लागले. टांग्याला भोंगा बांधून बाबा गल्लोगल्ली फिरले. भिंतींवर गेरूने घोषणा लिहिल्या. शाळेची पोरं घेऊन फेऱ्या काढल्या.

चौकातली सभा मला लख्ख आठवते. बाबा उभे राहिले आणि आमच्याच बोलीत म्हणाले, "माय, तुमच्या घरात नळ एकच आहे. अन् सगळ्या सुना हंडे घेऊन एकदमच धावून राहिल्या, तर कोणाचा हंडा भरेल?" बाया खुदकन हसल्या. मागून एक म्हातारी ओरडली, "आधी सासूचा!" सगळी सभा हसली. बाबा म्हणाले, "आजी, तुमचा दुपारी भरून ठेवू. पण संध्याकाळी नळ सोडा. कोणी स्वतःपुरतं पाहू नका, एवढंच मागणं." आणि मग मागमालकांनी एकेक करून हात वर केले. टाळ्यांवर टाळ्या. आमच्या शेजारच्या काकांनीही हात वर केला. करणारच! त्यांची पाळी सहालाच संपायची. त्यांचं काय जाणार होतं?

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना वीजघरात नेलं, आम्हा बायकांनासुद्धा. तिथे भिंतीवर घड्याळासारखं एक यंत्र होतं, त्यात काटा. शहरावर किती भार आहे ते तो काटा दाखवायचा. सहाचा भोंगा झाला, गल्ल्यागल्ल्यांतल्या मोटरी थांबल्या, आणि तो काटा आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली आला. लोकांनी बाबांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मी पण टाळ्या वाजवल्या. शेजारी आई उभी होती. ती मला कोपर मारून हळूच म्हणाली, "टाळ्या काय पिटतेस? त्यात आपले दोन आहेत."

घरी आल्यावर आईने ताट वाढलं आणि समोर बसली. "अहो, सगळ्या गावाचं झालं. आपलं काय?"

बाबा म्हणाले, "आपलं काय म्हणजे? दिवसा अखंड वीज मिळणार आहे. साहेब शब्दाचे पक्के आहेत."

"दिवसा दांड्यावर काकांचे माग असतात! मी पट्टा कुठं चढवू? तुमच्या टोपीवर?"

बाबांचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून सांगते, त्यांना ते खरोखर सुचलंच नव्हतं. सुचलं नव्हतं असंही नाही म्हणा. त्यांना वाटलं होतं, काकांनी हात वर केला म्हणजे आमची दिवसाची काहीतरी सोय त्यांनी मनात धरलीच असेल. आणि काकांना वाटलं, मास्तर स्वतः सांगतायत म्हणजे मास्तरांनी साहेबांकडून आपल्या घरचं आधीच ठरवून घेतलं असेल. दोघं रोज ओट्यावर बसून पान खाणारे. पण एकाने दुसऱ्याला विचारायचं नाही! विचारलं तर समोरच्याला वाटेल, हा मागायला आला. आमच्या लोकांची ही भीड, आग लागो तिला. शहरभर हेच झालं होतं. साहेबांनी मोटरी मोजल्या, पट्टे कोणी मोजलेच नाहीत, आणि पट्टेवाल्यांपैकी कोणी भर सभेत उठून बोललं नाही.

आईने भीड सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती काकांकडे गेली. काका बिचारे हात चोळत बसले. दिवसा आमचे दोन माग लावायचे तर त्यांचे दोन थांबवायचे, म्हणजे दोन कामगार घरी. ते कामगार कोण, तर आमच्याच गल्लीतले, एकाच्या घरात तान्हं मूल. आई म्हणाली, "नको. ते पाप मला नको." मग पहाटेचं विचारलं. तर मालकांनी लिहून दिलं होतं की सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढाच वेळ मोटर चालेल. पहाटे चालवली तर करार मोडला, आणि मग त्यांची दिवसाची अखंड वीज गेली. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही मास्तरांना का नाही सांगत? साहेब त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत."

सांगत का नाही! रोज सांगत होती. ओरडून सांगत होती, रडून सांगत होती. आणि बाबा एकच वाक्य धरून बसले होते, "मीच चौकात म्हणालो, स्वतःपुरतं पाहू नका. आता मी कोणत्या तोंडाने साहेबांपुढे उभा राहू?" मला असा संताप यायचा की वाटायचं भोंगाच फोडून टाकावा. एकदा मी म्हणाले, "बाबा, तोंड तेच आहे, ज्याने जेवायचं असतं." आईने माझ्या थोबाडीत मारली. पहिली आणि शेवटची.

मग आम्ही दोघी दफ्तरात गेलो. साहेब गावाला गेले होते. तिथल्या बाबूने वही चाळली आणि म्हणाला, "बहनजी, आपके नाम पर तो मोटर है ही नहीं। फिर बंद क्या हुआ?" आई म्हणाली, "पेट बंद हुआ।" बाबू जरा ओशाळला. नवी मोटर घ्यायची तर जोडणी मागा म्हणाला, पण नव्या जोडण्या बंद आहेत, संध्याकाळचा भार खाली टिकतो का ते पावसाळाभर बघणार, मग देणार. आणि मोटर घ्यायला आमच्याकडे होतं काय? आम्ही उन्हातून घरी आलो.

मागाच्या बाजूला एक लोखंडी चाक असतं, अडलेला माग हाताने सोडवायला. आई म्हणाली, यानेच विणू. माझ्या मागापासून सुरुवात केली, मी चाक फिरवायची आणि ती विणायची. मोटरीवर आडवा धागा नेणारा धोटा कसा सपकन पलीकडे जातो, तसा हाताच्या गतीने जाईना. मध्येच थांबायचा. मग आई बोटांनी तो ढकलायची आणि मी पुन्हा चाक. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. माझे खांदे सुजले, वेणी घालायला हात वर जाईना, आई मला पोरीसारखी वेणी घालून द्यायची. तिच्या बोटांची पेरं फुटली. रक्त कापडाला लागू नये म्हणून चिंध्या बांधायची. आणि एवढं करून विणलं गेलं ते काय? कुठे दाट, कुठे विरळ. मुनिमाने ते उजेडात धरलं आणि म्हणाला, "बाई, हे कापड आहे की चाळणी?"

आई त्याच्या पाया पडली. माझी आई, जी सासूच्याही पाया सणासुदीलाच पडायची, ती त्या मुनिमाच्या पाया पडली. तो मागे सरकला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "शेठचा हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही. एक बीम आज नेतो. दुसऱ्याचा ताका बाजाराच्या दिवशी सकाळी पुरा दिसला, आणि कापड सरळ दिसलं, तर मी शेठशी बोलतो. नाही तर तोही कापावा लागेल."

माझ्या मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, नुकता संपत आला होता म्हणून तो कापावा लागला नाही, नुसता रूळ गेला. उरला आईचा माग. त्यावर अर्धा ताका मोटरीवर विणलेला, सरळ. उरलेला अर्धा विणायला मोटर हवी. एक पुरी संध्याकाळ मिळाली असती तर सगळं सावरलं असतं. एक संध्याकाळ! गावाला आम्ही किती संध्याकाळी देऊन बसलो होतो. आईने बाबांना ते सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि टोपी घालून फेरीला निघून गेले. कारण आता एक देखरेख समितीही झाली होती, साहेब, दोन मागमालक आणि चिटणीस म्हणून बाबा. रोज संध्याकाळी हे गल्ल्यांतून फिरत आणि कुठे माग वाजतो का ते ऐकत.

बाजाराच्या आधीचे दोन दिवस काका लग्नासाठी निंबोल्याला गेले. पहिल्या संध्याकाळी काकू मागच्या दाराने आल्या. मोठी गमती बाई ती. पदर खोचून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आमचे हे मुक्कामी गेलेत. मोटरीचा खटका काही खिशात घालून नाही नेला. तुमचे मास्तर भाषण देऊन राहिलेत तर देऊ दे, मी खटका देते. चढवा पट्टा!"

आई नको म्हणाली. काका अडचणीत येतील म्हणून नको म्हणाली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मागाजवळ नुसत्या बसून होतो. बाहेर दिवे झळझळीत, नळाला पाणी, पोरं दिव्याखाली पत्ते खेळतायत, सगळं गाव खूश. मला रडू आवरेना. आई मागाच्या फळीवर हात ठेवून बसली होती, जसं आजारी माणसाजवळ बसतात तसं.

दुसऱ्या संध्याकाळी ती स्वतः भिंतीजवळ गेली आणि म्हणाली, "वहिनी, द्या खटका."

दांडा फिरला. पट्टा चढला. माग धडधडायला लागला. गल्ली सगळी चिडीचूप, आणि त्यात आमचा एकटा माग! तो काय लपतो? दारं उघडली, माणसं ओट्यावर आली. पण एकानेही हटकलं नाही. समोरच्या आजोबांनी तर आपल्या नातवाला आत ओढून दार लावून घेतलं, पाहिलंच नाही असं. आई मान खाली घालून विणत होती. धोटा जात होता आणि येत होता, कापड सरळ उतरत होतं. मी कांड्या बदलत होते आणि जितके देव आठवले तितक्यांना हात जोडत होते. हातभर राहिलं असेल नसेल, तेव्हा दाराशी चपला वाजल्या.

साहेब, दोन्ही मागमालक आणि बाबा. बाबांचा चेहरा मी कशाला सांगू. आपल्याच घराच्या उंबऱ्यावर ते परक्यासारखे उभे होते.

"थांबव," ते आईला म्हणाले.

आईने मान वर केली नाही. "हातभर राहिलंय. तेवढं होऊ द्या."

माग चालूच होता. बाबा साहेबांकडे वळले. त्या गोंगाटात त्यांना मोठ्याने बोलावं लागलं, म्हणून मला ऐकू आलं. "साहब, एक घंटा दे दीजिए। बस एक घंटा।" आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

साहेब काही बोलायच्या आत त्या दोन मागमालकांतला एक पुढे झाला. पलीकडच्या गल्लीतला, वयस्कर. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "मास्तर, मग मी उद्या माझ्या गल्लीत काय सांगू? तिथं चार घरं पट्ट्यावर आहेत. रोज दाराशी येऊन रडतात. मास्तरांनी स्वतःच्या घरचे माग बंद ठेवलेत, असं सांगून मी त्यांना परत धाडतो."

साहेब चमकले. "कौन से चार घर? कैसा पट्टा? मुझे तो किसी ने बताया ही नहीं!" ते एकदा बाबांकडे, एकदा भिंतीतल्या भोकाकडे बघत राहिले. त्यांना आता समजत होतं.

बाबा आत आले. चालत्या दांड्यावरचा पट्टा उतरवायला काठी लागते. ती त्यांनी कोपऱ्यातून घेतली आणि पट्टा ढकलून खाली पाडला. माग दोन-चारदा खडखडला आणि थांबला. आई फळीवर हात ठेवून तशीच बसली. मग हळू म्हणाली, "हातभर, अहो." बस, एवढंच.

पुढे पावसाळा सरल्यावर साहेबांनी पट्टेवाल्यांसाठी पहाटेची वेळ काढली. घरोघरी स्वतः गेले, भोकं पाहिली, पट्टे मोजले, मालकांचे करार बदलून घेतले. खोटं कशाला बोलू, भल्या माणसाने मनापासून केलं. त्या चार घरांचे माग वाचले. आमच्या घरी साहेब आले तेव्हा पुढची खोली रिकामी होती. भोपाळचं दफ्तर तेव्हाही बसलेलंच होतं, आणि आई काकांच्या शेडमध्ये कांड्या भरायला जात होती.

पण मला बाजाराच्या दिवशीची ती सकाळ सांगायची आहे. मुनीम कात्री घेऊन आला. ताका त्याने हाताने मोजला, हातभर कमी, आणि जिभेने च्च केलं. तो मागाजवळ वाकला तशी आई म्हणाली, "थांबा. माझा बीम आहे. मी उतरवते."

कापायला दोन माणसं लागतात. एकाने धाग्यांचा झुपका मुठीत ताणून धरायचा, दुसऱ्याने कापून त्याला गाठ मारायची, असं एकेक झुपका करत सगळा पन्हा. आईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून रडत होते. "मी नाही धरणार," मी म्हणाले, "जीव गेला तरी नाही."

बाबा शाळेत निघाले होते. त्यांनी छत्री खुंटीला अडकवली आणि मागापलीकडे जाऊन उभे राहिले. "मी धरतो," म्हणाले. त्यांना येत नव्हतं. त्यांनी धागे धरले ते फूल धरावं तसे. आईने त्यांची बोटं आपल्या चिंध्या बांधलेल्या बोटांनी मिटवली. "असं नाही. घट्ट. ताण सुटला की धागे फणीतून निसटतात. मग हा बीम जिच्याकडे जाईल तिला एकेक धागा पुन्हा ओवत बसावं लागेल. तिचा आठवडा जाईल."

मुनीम दाराबाहेर जाऊन उभा राहिला. आईने पहिला झुपका कापला, गाठ मारली. दुसरा कापला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकावरून, मिशीवरून खाली. त्यांच्या दोन्ही मुठींत धागे होते आणि मूठ सोडायची नव्हती. आई त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "हं, पुढचा."